ऑक्सिमीटर ९७ दाखवतो, तरी सकाळी डोकं का दुखतं?

गेल्या पावसाळ्यात रोज सकाळी उठलं की माझं कपाळ ठणकायचं. चहा व्हायचा, आंघोळ व्हायची आणि दहाच्या सुमाराला दुखणं आपोआप ओसरायचं. बायकोचा संशय पित्तावर. सूतशेखर झालं, रात्रीच्या जेवणातली डाळ बंद झाली. करोनात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात होताच, तो माझ्या बोटाला लावून ती म्हणायची, "अहो, सत्त्याण्णव आहे. श्वासाचं काही नाही हे." मलाही तसंच वाटायचं.

श्वासाचंच होतं.

मला एएलएस आहे. मोटर न्यूरॉन डिसीज किंवा एमएनडी म्हणूनही याच आजाराला ओळखतात. मेंदूकडून स्नायूंपर्यंत हुकूम पोचवणाऱ्या चेतापेशी यात एकेक करून मरतात आणि हुकूम न मिळालेला स्नायू वाळत जातो. माझ्या बाबतीत सुरुवात उजव्या पावलापासून झाली. चप्पल घासायला लागली, मग जिन्यावर अडखळायला लागलो. निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी पायांबद्दल पुष्कळ सांगितलं. दर तीन महिन्यांनी श्वासाची तपासणी करा, हेही सांगितलं होतं. मी ते कानाआड केलं, कारण मला धाप लागत नव्हती.

आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. या आजारात फुप्फुसं चांगली असतात. लोहाराचा भाता धडधाकट आहे, पण तो ओढणाऱ्याचा हात थकत चालला आहे, असा हा प्रकार. दम्यात नळ्या आक्रसतात, न्यूमोनियात फुप्फुसात पू-पाणी भरतं. आमच्यात यातलं काही नाही. म्हणून छातीच्या एक्स-रेत फारसं दिसत नाही, स्टेथोस्कोपमध्ये घरघर नाही, आणि चालणंच कमी झाल्यामुळे धापही लागत नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाला दम लागायला कारणच काय?

भाता ओढणारा मुख्य हात म्हणजे श्वासपटल. छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा पातळ स्नायू. श्वास घेताना तो खाली सरकतो आणि छातीत जागा करून देतो. शांतपणे बसलेलो असताना श्वासाचं निम्म्याहून जास्त काम हा एकटा करतो. बरगड्यांमधले आणि मानेचे स्नायू मदतीला असतात. श्वासपटल दमलं की दिवसा हे मदतनीस भार उचलतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

रात्री मात्र दोन गोष्टी एकदम होतात. आपण आडवे होतो, त्यामुळे पोटातला सगळा ऐवज श्वासपटलाला खालून वर ढकलतो. आणि आपल्याला स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू शरीराचे जवळजवळ सगळे स्नायू ढिले सोडतो. स्वप्नात आपण पळतो तेव्हा खरोखर अंथरुणातून पळू नये, म्हणून केलेली ही सोय. तेव्हा बरगड्यांचे आणि मानेचे मदतनीसही रजेवर जातात. उरतं एकटं श्वासपटल, तेही दमलेलं. श्वास उथळ होतो, कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर पडत नाही, रक्तात साचतो. त्याने मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि सकाळी कपाळ ठणकतं. उठून बसलं, दोन-तीन तास नीट श्वास घेतला की साचलेला वायू निघून जातो. म्हणून दहाला डोकं थांबायचं. सूतशेखराचा यात काही हात नव्हता.

मग ऑक्सिमीटर खोटं बोलतो का? नाही. त्याला जे विचारलं आहे तेवढंच तो सांगतो. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये शोधलेल्या तत्त्वावर हे यंत्र चालतं. बोटातून प्रकाश आरपार पाठवून रक्तातल्या किती टक्के हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसला आहे, हे ते मोजतं. कार्बन डायऑक्साइडबद्दल ते अवाक्षर काढत नाही. शिवाय हिमोग्लोबिन ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतं. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब (तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) १०० वरून ६० पर्यंत घसरला तरी बोटावरचा आकडा ९० च्या आसपासच असतो. आता उलट्या बाजूने बघा. कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५ च्या दरम्यान असायला हवा. तो ५० झाला, म्हणजे काळजी करावी इतका वाढला, तरी फुप्फुसं चांगली असतील तर ऑक्सिमीटर साधारण ९५ दाखवेल. घरचे म्हणतील, छान आहे की. आमच्या आजारात ऑक्सिमीटर हा शेवटी तोंड उघडणारा साक्षीदार आहे. त्याचा आकडा खाली आला तर धावपळ करायची. तो चांगला आहे म्हणून निर्धास्त मात्र व्हायचं नाही.

शेवटी छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "झोपताना उशा किती घेता?" मी म्हणालो, एक. बायको मागून म्हणाली, "तीन. आंब्याच्या दिवसांपासून तीन." मी तिच्याकडे बघतच राहिलो. खरंच की. एकाच्या दोन, दोनाच्या तीन कधी झाल्या, मला आठवतच नव्हतं. सपाट झोपणं नकोसं होतं म्हणून शरीराने परस्पर तोडगा काढला होता. डॉक्टरांनी पुढे विचारलं ते असं: दिवसा पेपर वाचता वाचता डुलकी लागते का, रात्री दचकून उठता का, विचित्र स्वप्नं पडतात का, जेवण अर्धवट सोडता का, फोनवर बोलताना वाक्य मधे तोडावं लागतं का. पाचपैकी चारला होकार. धाप लागते का, हे त्यांनी सर्वांत शेवटी विचारलं.

मग पीएफटी, म्हणजे फुंकायची तपासणी. नाकाला चिमटा, तोंडात नळी, पोटभर श्वास आणि मग जोर लावून सगळा बाहेर. यंत्रावरची मुलगी "सोडा सोडा सोडा, अजून अजून, थांबू नका" असं इतक्या तळमळीने ओरडते की शर्यत लागल्यासारखं वाटतं. एकूण किती लिटर हवा बाहेर आली, त्याला एफव्हीसी म्हणतात. हे मोजायचं यंत्र आणि 'व्हायटल कपॅसिटी' हा शब्द जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने १८४६ मध्ये रूढ केला. इतक्या वर्षांनंतरही तत्त्व तेच आहे. तीन तरी चांगल्या फुंका लागतात आणि त्यातल्या वरच्या दोन एकमेकींच्या दीडशे मिलिलिटरच्या आत याव्या लागतात, नाहीतर आकडा भरवशाचा धरत नाहीत. म्हणून पहिली फुंक वाया गेली तर खट्टू होऊ नका.

मी बसून २.७ लिटर काढले. मग डॉक्टरांनी टेबलावर उताणं झोपवून पुन्हा फुंकायला लावलं. १.९. म्हणजे तीस टक्के घट. निरोगी माणसाचा आकडा आडवं झाल्यावर दहा टक्क्यांच्या आतच कमी होतो. पाव हिश्शाच्या वर घसरला की श्वासपटल थकलं असं समजतात. बसून काढलेल्या आकड्याने माझं दुखणं झाकलं होतं, उताण्या आकड्याने उघडं केलं. तुमच्या तपासणीत फक्त बसवून फुंकायला लावत असतील, तर झोपवूनही करा असं सांगा. बरीच ठिकाणं आपण मागितल्याशिवाय करत नाहीत.

इथे टक्क्यांच्या एका भानगडीबद्दल सविस्तर सांगतो, कारण त्यापायी आमच्या घरात दोन दिवस सुतक होतं. पहिल्या ठिकाणच्या रिपोर्टवर लिहिलं होतं ७५ टक्के. महिनाभराने दुसऱ्या शहरात तपासलं तर ६८. महिन्यात सात टक्के गेले! मुलगी पुण्याहून रात्रीच्या गाडीने आली. तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाली, "बाबा, लिटर बघा ना." एकीकडे २.७, दुसरीकडे २.७. श्वास तसूभर कमी झाला नव्हता. टक्के काढताना तुमचं वय, उंची आणि लिंग धरून अपेक्षित आकडा काढतात, आणि त्याची सूत्रं वेगवेगळी आहेत. एका यंत्रात भारतीयांसाठीचं सूत्र होतं, ते माझ्याकडून ३.६ लिटरची अपेक्षा करत होतं. दुसऱ्यात वेगळं सूत्र, त्याची अपेक्षा ४ लिटर. फुंक तीच, भागाकार वेगळा.

मी पाटबंधारे खात्यात होतो. धरणाच्या पातळीची नोंदवही बरीच वर्षं माझ्याकडे होती. आजची पातळी अमुक, हे एकटं वाक्य कुणाच्या कामाचं नसतं. त्याच पट्टीवर, त्याच वेळी, कालची किती होती आणि गेल्या आठवड्यातली किती, यावरून दरवाजे उघडायचे की नाही ते ठरतं. श्वासालाही तेच लागू आहे. शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच यंत्रावर तपासा. वहीत टक्क्यांच्या आधी लिटर लिहा. बसून की झोपून, तेही लिहा. तारीख तर हवीच.

ओठ सैल पडलेल्यांचं, म्हणजे ज्यांचा आजार बोलण्या-गिळण्यापासून सुरू झाला त्यांचं, या फुंकण्यात नुकसान होतं. नळीभोवती ओठ आवळले जात नाहीत, हवा बाजूने सुटते आणि आकडा उगाच कमी येतो. त्यांच्यासाठी मास्क लावून फुंकण्याची सोय असते, किंवा हुंगण्याची तपासणी. एका नाकपुडीत बोळा बसवायचा आणि दुसरीने जोरात हुंगायचं. किती दाबाने हवा ओढली ते यंत्र सांगतं. हा दाब पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात, हे ऐकून मला जुना सहकारी भेटल्यासारखं झालं. ४० सेंटीमीटरच्या खाली गेला की डॉक्टर बायपॅपचा, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला हातभार लावणाऱ्या यंत्राचा, विषय काढतात.

आता घरी काय करता येतं ते.

सगळ्यात सोपी आणि फुकटची तपासणी म्हणजे एका श्वासात आकडे मोजणं. ताठ बसा, पोटभर श्वास घ्या आणि नेहमीच्या आवाजात, सेकंदाला दोन या गतीने मोजत राहा. श्वास संपेपर्यंत. निरोगी प्रौढ माणूस पन्नासच्या आसपास जातो. पंधरा-वीसच्या आत थांबावं लागलं तर वही मिटून डॉक्टरांना फोन. पण मराठीत हे करताना एक अडचण येते, ती मला आठवडाभराने कळली. 'तीस' पटकन म्हणून होतं, 'एकोणचाळीस' म्हणेपर्यंत अर्धा श्वास जातो! वीसच्या पुढे आपले आकडे लांबत जातात आणि गती बिघडते. मी असं करतो: एक ते दहा म्हणायचं, एक बोट मिटायचं, पुन्हा एक ते दहा. आणि गाणं शिकणारी मुलं वापरतात ते मेट्रोनोमचं अ‍ॅप मोबाइलवर १२० वर लावायचं, म्हणजे सेकंदाला बरोबर दोन टिकटिक. या मोजणीने काही लिटर कळत नाहीत. पण माझी मोजणी वर्षभरात ३४ वरून २६ वर आली आहे, आणि तपासणीतले लिटरही त्याच दिशेने गेले आहेत.

दुसरी गोष्ट खोकल्याची. माझ्या मते घरच्यांनी याकडे श्वासापेक्षाही जास्त लक्ष द्यावं. श्वास हळूहळू कमी होतो, त्याला वेळ देता येतो. कफ अडकला तर साध्या सर्दीचा दोन दिवसांत न्यूमोनिया होऊ शकतो. दम्याचे रोगी फुंकतात तो स्वस्त पीक फ्लो मीटर औषधाच्या दुकानात मिळतो. त्यात फुंकण्याऐवजी खोकायचं. तोंडाभोवती हवा सुटत असेल तर मास्क जोडायचा. निरोगी माणसाचा खोकला मिनिटाला साडेतीनशे लिटरच्या वर जातो. २७० च्या खाली आला की सर्दी-पडशात कफ बाहेर काढायला तो अपुरा पडण्याची शक्यता असते. १६० च्या खाली एरवीही पुरत नाही. माझा २५० वर आला तेव्हा फिजिओथेरपिस्टने अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून छातीत हवा भरायची पिशवी, वापरायला शिकवलं. बॅगेने एकावर एक असे दोन-तीन श्वास आत भरायचे, क्षणभर रोखायचे आणि मग खोकायचं. भरलेल्या छातीने खोकलं की मीटरचा काटा ३०० ला टेकतो. पुढे कधी तेही पुरलं नाही तर खोकला काढून देणारं यंत्र असतं. हे तंत्र मात्र कुणीतरी समोर बसून शिकवल्याशिवाय करू नका.

तीन निळ्या गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं खेळणं आपल्याकडे घरोघरी आहे. करोनानंतर तर फारच. ते मोजमापासाठी नाही. गोळ्या वर जातात त्या तुम्ही किती जोरात हवा ओढता त्यावर. किती हवा आत गेली ते त्यातून कळत नाही. आणि "रोज शंभर वेळा गोळ्या उचला, ताकद येईल" असं सांगणारे नातेवाईक भेटतात. ज्या स्नायूची नसच जळत चालली आहे, तो दमवून वाढत नाही. त्यांना चहा पाजा आणि विषय बदला.

यंत्राशिवाय दिसणाऱ्या खुणा घरच्यांना आधी दिसतात, रोग्याला नाही. मी झोपल्यावर बायको माझ्या पोटाकडे बघते. श्वास घेताना पोट वर यायला हवं. ते आत ओढलं जाऊ लागलं तर श्वासपटल काम सोडून बसलं आहे. मानेच्या शिरा प्रत्येक श्वासाला ताठ होतात का, तेही ती बघते. हरिपाठ म्हणताना मी कुठे थांबतो, हे तिच्या लक्षात आलं. पूर्वी दोन चरणांनंतर, आता एका.

सुरुवातीला मी रोज तीनदा मोजायचो. सकाळी २९ आणि संध्याकाळी २७ आले की जेवण जायचं नाही. शेवटी बायकोने वही लपवली. ती म्हणाली, "धरणसुद्धा तासातासाला मोजत नव्हता तुम्ही." आता फक्त रविवारी सकाळी, नाष्ट्याआधी. पोट भरलेलं असताना आकडा तसाही कमी येतो. एखाद्या रविवारी दोनाने घसरला तर काही करत नाही. लागोपाठ तीन रविवार घसरला, किंवा उशी वाढली, किंवा डोकं दुखायला लागलं, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता फोन करतो.

हे सगळं कशासाठी, तर काही गोष्टींची वेळ चुकू नये म्हणून. पहिली बायपॅप. डॉक्टरांनी मला रात्रभर नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर लावून झोपवलं. सकाळी आलेखावर करवतीचे दात! स्वप्नांच्या झोपेत आकडा पुन्हा पुन्हा खाली जात होता. सलग पाच मिनिटं ८८ किंवा त्याखाली, ही बऱ्याच ठिकाणी धरली जाणारी खूण आहे. पूर्वी एफव्हीसी ५० टक्क्यांपर्यंत येण्याची वाट पाहत. आता माझ्यासारखी लक्षणं असतील तर त्याआधीच मास्क देतात. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला ४१ एएलएस रोग्यांवर झालेला प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचं बोलणं-गिळणं फारसं बिघडलं नव्हतं, त्यांच्या जगण्याचा मध्यक काळ (निम्मे रोगी ज्याच्या पुढे जगतात तो) मास्कमुळे २०५ दिवसांनी वाढला, आणि ते दिवस बरे गेले. मला पहिल्या तीन रात्री मास्क फेकून द्यावासा वाटला. चौथ्या रात्री चार तास झोपलो. पंधरा दिवसांत डोकेदुखी गेली. यंत्रातल्या कार्डावर रोजचे तास आणि मास्कमधून किती हवा गळते ते नोंदलं जातं. तपासणीला जाताना ते कार्ड न्यायला विसरू नका. आणि इन्व्हर्टर आधी घ्या, बायपॅप नंतर. आमच्याकडे लाइट रात्रीच जातात.

दुसरी गोष्ट पोटातल्या नळीची, म्हणजे थेट पोटात अन्न देण्यासाठी बसवतात त्या नळीची. गिळणं अवघड होणार असेल तर ती एफव्हीसी ५० टक्क्यांच्या खाली जायच्या आत बसवणं जास्त सुरक्षित असतं. गिळता येतंय तोवर नळीचा विचार कोण करणार? पण श्वासाचा आकडा ती वेळ ठरवतो, घास नाही.

आणि ऑक्सिजन. या आजारात घाईगर्दीत होणारी मोठी चूक हीच. आकडा ८८ दिसला की कुणीही सिलिंडर जोडतं. तसं करणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण आमची अडचण हवा आत-बाहेर न होण्याची आहे. नुसता ऑक्सिजन दिला की बोटावरचा आकडा ९८ होतो, सगळे निवांत होतात, आणि श्वास आणखी मंदावून कार्बन डायऑक्साइड वाढत राहतो. माणूस गुंगीत जातो. न्यूमोनियासारखं कारण असेल तर ऑक्सिजन लागतोही, पण बायपॅपसोबत, आणि हाताच्या धमनीतलं रक्त तपासून. त्या तपासणीला एबीजी म्हणतात, कार्बन डायऑक्साइड तिथे खरा कळतो. झोपेच्या गोळीचंही तसंच, ती श्वास अजून मंद करते. डॉक्टरांना आजाराचं नाव सांगितल्याशिवाय घेऊ नये.

मुलीने एक कार्ड लॅमिनेट करून आणलं आहे. एक माझ्या पाकिटात, एक दाराशी, किल्ल्यांच्या खुंटीला. त्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि मागे इंग्रजीत लिहिलं आहे: मला एएलएस आहे. मला सपाट झोपवू नका. बायपॅप माझ्यासोबत आणा आणि लावा. नुसत्या ऑक्सिजनवर ठेवू नका, आधी एबीजी करा. खाली बायकोचा नंबर, डॉक्टरांचा नंबर आणि एफव्हीसीच्या शेवटच्या तपासणीची तारीख. ती जागा मार्करने लिहायची आहे, दर तीन महिन्यांनी पुसून नवी टाकता येते.